शिट्टी मी आधीच ऐकली होती

प्रिय वैशाली,

तू होतीस तेव्हा तुला साधी चिठ्ठीही कधी लिहिली नाही. वाण्याची यादीसुद्धा तूच लिहायचीस. आज लिहायला बसलोय, कारण काल हॅमिल्टनहून गौरीचा फोन आला आणि आपल्या लेकीला मी खरं सांगितलं नाही.

"बाबा, त्या घराच्या रिव्ह्यूमध्ये लिहिलं होतं, हीप्स ऑफ स्टेप्स आहेत म्हणून," ती म्हणाली. "आय रेड इट. तरी बुक केलं. मीच आईला तिथे पाठवलं."

तुला जाऊन वर्ष होत आलं, आणि पोरगी इतके दिवस हे एकटीच घेऊन बसलीये! मी काय म्हणालो असेन? "असं काही नसतं गं." आणि फोन ठेवला.

आपल्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला तिने भेट दिलेल्या ट्रिपचं ते फ्रान्समधलं गाव! टेकडीच्या माथ्याला चिकटलेलं, सात-आठशे वर्षांचं. गाडी कमानीबाहेर ठेवायची आणि घरापर्यंत नुसत्या दगडी पायऱ्या. चर्चच्या घड्याळाचे टोले दोन-दोनदा पडायचे. घरमालकीण म्हणाली, पहिल्यांदा मोजायला चुकलं, तर दुसऱ्यांदा मोजावेत म्हणून. तू लगेच म्हणालीस, "अहो, तुमच्यासारख्यांची सोय आहे ही. एकदा सांगून कुठे कळतं!"

पहिल्या सकाळी तू पोहे केलेस. मोहरी तडतडली तशी ती म्हातारी घरमालकीण धावत वर आली, काय जळतंय बघायला! तिला बसवून तू बशी पुढे केलीस. हसता हसता तुला ठसका लागला, तो थांबेचना. "मिरचीचा आहे," म्हणालीस.

चढताना वळणावर थांबायचीस. "जिरेनियम बघा किती लाल!" अगं, रोज तीच कुंडी. मला कळत नव्हतं?

बिघडलेल्या पंपाजवळ फोन धरून शेतकरी मला आवाज ऐकवतात, आणि मी पेनरोजच्या वर्कशॉपमध्ये बसून सांगतो, कुठलं बेअरिंग गेलंय. नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी बजावतो, आवाज बदलला की आधी मशीन बंद, मग चौकशी.

तुझा आवाज बदलला तो त्या पायऱ्यांवर नाही, वैशाली. इथे, पापाटोएटोच्या आपल्या घरात, निघायच्या पंधरा दिवस आधी. तू बॅगेत कपडे ठेवायला वाकलीस आणि श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजली. मी दारातच उभा होतो. स्वच्छ ऐकली.

मग बोललो का नाही? दोनदा मी कामापायी ट्रिप रद्द केली होती. "या वेळी कारण काढलंत तर मी एकटी जाईन," असं तू सांगून टाकलं होतंस. डॉक्टरचं नाव काढलं असतं तर म्हणाली असतीस, आलं तिसरं कारण!

पण हेही अर्धंच खरं. जायचं मलाच होतं. बायकोला फिरवून आणणारा नवरा मला एकदा तरी व्हायचं होतं. म्हणून म्हटलं, सर्दी असेल.

परत आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "तिथे चढताना सुरू झाला." मी मान डोलावली. फुप्फुसं तोवर पार गेली होती. सुरू झालं तेव्हाच आला असतात तर उपचारांना वाव होता, असं ते म्हणाले. गौरी शेजारीच बसली होती. तिने त्यातून पायऱ्या तेवढ्या उचलल्या.

का गं खोटं बोललीस? तुझा श्वास तुला ठाऊक नव्हता? मला सांभाळून घेतलंस ना? आणि लेकीचं काय, हे आपल्या दोघांपैकी एकालाही सुचू नये!

शनिवारी हॅमिल्टनला जातोय. दारात जावई म्हणेल, बसा, चहा टाकतो. चहाच्या आधी सांगेन. एकदा कप हातात आला की मी गप्पांत घुसतो, विनोद करतो आणि निसटतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत!

ऐकल्यावर ती माझ्याशी बोलेल की नाही, सांगता येत नाही. नाही बोलली तर नाही. पण तुझं मरण मी तिच्या नावावर राहू देणार नाही.

तुझा,
दिलीप