विचारायचा तास

१५ नोव्हेंबर, शनिवार

पोरांना देव शिकवायला मॅडम कशाला पाहिजे? घरचे काय मेले का समदे!

नवीन मॅडम आल्यात, रुद्राणी नाव. जिंतूरहून एसटीनं देवगाव फाट्यापर्यंत, तिथून ऑटोनं. शनिवारचा शेवटचा तास नववीला – कोण काय मानतं अन् का मानतं. वर्गाची खिडकी माझ्या खिचडीच्या शेडमधी उघडते, म्हणून कान न देता बी ऐकू येतं. फळ्यावर दोनच ओळी लिहिल्या. मी चौथी शिकलेली, पण वाचल्या –

आपल्या घरचं सांगायचं.
दुसऱ्याचं त्यालाच विचारायचं.

म्हणलं, झालं! आता पोरं एकमेकांची डोकी फोडणार. त्या नादात माझी डाळ करपली.

१६ नोव्हेंबर, रविवार

कापूस वेचला. औंदा बोंडं बारीक. भायानं दरवर्षीसारखी पाण्याची घागर पार टोकाच्या कडूलिंबाखाली ठेवली. वेचणी विहिरीकडं अन् पाणी टोकाला! विहिरीपाशी चिंच हाय की, तिची सावली काय उसनी पडते का? पण बोलायचं कुणी? माणिकराव माझे भाया, मालकाचे थोरले भाऊ. सव्वीस वर्षं झाली लग्नाला, त्यांच्याशी मी एक शब्द बोललेली नाही. आमच्यात बोलत नाहीत. काही सांगायचं असलं की ते माझ्या जावेला सांगतात, जाऊ मला. जाऊ नसली तर बैलाला सांगतात, मी ऐकते. आज बैलाला म्हणले, "तिला म्हणावं भाकर तिथंच खा, गार हाय."

खाल्ली. उरलेलं पाणी लिंबाच्या बुडाला ओतलं अन् परत उन्हात.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज जे बघितलं ते कुठं लिहू अन् कसं लिहू!

नववीतल्या शिवकांतची आजी वर्गात आली. त्यांचं किराणा दुकान, मी दर आठवड्याला मीठ-मिरची घेते तिथून. म्हातारी पैशाला लय चिकट, एवढंच मला माहीत. ती खाली बसली, गळ्यातली चांदीची डबी उघडली, बोटाएवढं काळं लिंग डाव्या तळव्यावर ठेवलं अन् बघत राहिली. फक्त बघत! मंत्र नाही, घंटा नाही. चाळीस पोरं अन् खोकला सुद्धा नाही. मला माझ्या पातेल्यातला भात शिजताना ऐकू येत होता.

मग पुढच्या बाकावरच्या अर्पितानं विचारलं, "आजी, काय दिसतं?"

म्हातारी म्हणली, "साठ वर्षं बघायले बाई. आधी दगड दिसायचा. आता बघणारी दिसती."

अन् हिच्याशी मी पाव किलो गुळासाठी भांडते!

पुढं नाजमीन उठली. लाजरी पोरगी, पण आज ताठ बोलली. नमाजाआधी हात-पाय-तोंड कसं धुतात ते सांगितलं. शिवकांत म्हणला, "अन् पाणीच नसलं मंग? दुष्काळात?" ती म्हणली, "मंग साफ मातीवर हात ठेवायचा, तोंडावरून फिरवायचा. माती बी चालते." वर्गातलं एक कार्टं फिदीफिदी हसलं. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणल्या, "तुझ्या घरी पाणी नसताना काय करतात, सांग." ते वही उघडून बसलं.

अर्पिता म्हणली, "माझे पप्पा देवच मानत न्हाईत. पण दाणा पायाखाली आला तर उचलून कपाळाला लावतात." मॅडम म्हणल्या, "कामून लावतात, विचारलं का?" पोरगी खाली बसली. म्हणली, "आज विचारते."

२३ नोव्हेंबर

माती बी चालते. दिवसभर वेचताना हेच डोक्यात.

२४ नोव्हेंबर, सोमवार

जावेला सांगितलं सगळं. पोटात राहीना माझ्या. ती शेंगा फोडत बसली होती, "अगं बया, व्हय का" करत होती. आजीचं लिंग, नाजमीनची माती, दाण्याची गोष्ट.

२६ नोव्हेंबर, बुधवार

माझ्या जिभेला हाड नाही, हे खरंय!

मी सुमनबाईला – जावेला – सांगितलं एक, तिनं भायाला सांगितलं दुसरं. भाया शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांच्या कानावर काय गेलं? तर म्हणे मॅडम आपल्या पोरांच्या तोंडाला माती लावून नमाज शिकवायल्यात! आज पारावर म्हणले, मंगळवारी मिटिंग घेतो, तो तास बंद.

जावेला म्हणलं, "मी असं कधी बोलले?" ती म्हणती, "बायना, मला जसं समजलं तसं सांगितलं. तूच सांगायचं होतंस त्यांना."

कसं सांगायचं होतं? बैलाच्या तोंडानं?

२९ नोव्हेंबर, शनिवार

मॅडमला मिटिंगचं कळलं होतं. तरी तास घेतला. आजचा विषय – माणूस मेल्यावर काय करतात. अर्पिता म्हणली, आमी जाळतो, राख नदीत. नाजमीन म्हणली, आमी पुरतो, तोंड मक्केकडं करून. शिवकांत म्हणला, आमच्यात बसवून पुरतात, तळहातावर लिंग ठेवून.

मग अर्पिता एकदम म्हणली, "म्हणजे मॅडम, मेल्यावर तरी आपण समदे एकावाणी न्हाईच?"

मॅडम पोरांकडं वळल्या, कोण सांगतं म्हणून. अन् माझ्या तोंडून गेलं, खिडकीतून, हातात पळी – "लेकरं जातात की एकावाणी! दात न आलेलं लेकरू कुणीच जाळत न्हाई. समदेच पुरतात."

चाळीस तोंडं माझ्याकडं वळली. वाटलं, आता ओरडा बसतो. मॅडम खिडकीपाशी आल्या. मग हळू म्हणल्या, "मावशी, एवढं शिकले, पण हे माझ्या ध्यानात आलं न्हवतं. आत या."

बाकावर बसवलं मला! चौथीनंतर पहिल्यांदा बसले बाकावर. गुडघे मावेनात.

अर्पितानं विचारलं, "मावशी, तुमचं कुणी होतं?"

पोरगी होती, म्हणलं. नऊ दिवसांची. बारसं राहूनच गेलं, म्हणून नाव नाही. माझे मालक ट्रकवर, गुजरातेत होते. सासूनं लेकराला फडक्यात गुंडाळलं, भायानं खांद्यावर घेतलं अन् नेलं.

"कुठं पुरलं?"

माहीत नाही. बाळंतिणीला सांगत नाहीत. सांगितलं तर बाई तिथंच जाऊन बसते म्हणतात. सासू गेली, मालक पण गेले. माहीत असलं तर एकट्या भायालाच.

"मंग विचारलं न्हाई?"

"त्यांच्याशी बोलत न्हाईत गं आमच्यात."

नाजमीननं फळ्याकडं बोट केलं. दुसरी ओळ.

चोवीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. सख्ख्या बहिणीनं नाही. अन् ही चौदा-पंधरा वर्षांची पोरं! कुणी चुकचुकलं नाही, कुणी "जाऊ द्या" म्हणलं नाही. नुसतं विचारलं अन् ऐकलं. देवळात एवढं गार वाटलं नाही कधी.

३० नोव्हेंबर, रविवार

वेचणीला गेले नाही. ताप आलाय सांगितलं. ताप नव्हता.

२ डिसेंबर, मंगळवार

मिटिंग झाली. चहा घेऊन मीच गेले ऑफिसात. हेडसर, मॅडम, समितीचे चौघं, अन् मधल्या खुर्चीवर भाया. मॅडमनं दोनदा समजावलं. भाया म्हणले, "ते काही असू द्या. तास बंद. आमच्या घरच्याच बाईनं ऐकलंय."

ती बाई चहा घेऊन समोर उभी!

पदर सारखा केला. कपबश्या टेबलावर ठेवल्या. अन् म्हणलं, "दादा."

हेडसरचा हात कपापाशीच राहिला. भायानं भिंतीकडं बघितलं. मी म्हणलं, "भिंतीला न्हाई सांगत, तुमाला सांगायले. कुणी कुणाला नमाज शिकवला न्हाई. नाजमीननं तिच्या घरचं सांगितलं, शिवकांतनं त्याच्या. मी जावेला सांगितलं, जावेनं तुमाला. मधी दोन तोंडं बदलली अन् गोष्ट नासली. चूक माझी. तास बंद करायचा तर मला कामावरून काढा, पण पोरांचा तास ठेवा."

तिथंच थांबायचं होतं. पण मी थांबणारी हाय का?

म्हणलं, "अन् दादा, त्या तासानं मला एक विचारायचं शिकवलं. माझी पोरगी तुमी कुठं ठेवली?"

भाया उठले. टोपी टेबलावरच राहिली. गेले.

३ डिसेंबर

जाऊ माझ्याशी बोलत नाही. म्हणती, भाया कालपासून जेवले न्हाईत, चारचौघांत इज्जत काढली तू.

काढली असंल. मला रडू पण येत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

तासाचं काय, कुणी सांगेना. हो नाही, नाही पण नाही. मॅडम म्हणल्या, "बंद कर म्हणून कागद आला न्हाई तोवर मी उद्या वर्गात उभी राहणार." बाई लय कडक हाय. मला आधी येडी वाटली होती!

६ डिसेंबर, शनिवार

तास झाला. अर्पितानं सांगितलं, पप्पाला विचारलं दाणा कपाळाला का लावता. बाप म्हणला, "देव असंल-नसंल, पिकवणारा तर हाय."

मी बाकावर बसले. आता कुणी बोलावलं नव्हतं, आपणच बसले.

७ डिसेंबर, रविवार

वेचणीला गेले. घागर तिथंच, टोकाच्या लिंबाखाली. आज डोकं सटकलंच माझं. म्हणलं, बास, आता विहिरीपाशी नेऊन ठेवते. कमरेवर घेतली अन् निघाले, तर भाया आडवे आले. जाऊ लांब होती. मधी फक्त बैल.

बैलाला म्हणले, "मॅडमला म्हणावं, तास चालू राहू द्या."

मग बैलाकडं बघायचं सोडलं त्यांनी. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. म्हणले, "बायना, ती घागर मी तिथं उगं ठेवीत न्हवतो."