वर म्हणजे बंद

२८ एप्रिल १९७४, मालेगाव (वऱ्हाड)
नागपूरच्या लिलावातून कार आणली. एका गोऱ्या साहेबाची अमेरिकन गाडी. स्टिअरिंग डावीकडे. गोऱ्यांना डावं-उजवं कधी कळलंच नाही. दोन आठवड्यांनी लेकीचं, भागिरथाचं लग्न आहे. नवरदेव बसस्टँडवरून मांडवात याच कारनं येईल. इंझोरीच्या व्याह्यांना कळू दे, लेक कोणाची करून राह्यले ते.
डॅशबोर्डखाली एक स्विच आहे, अक्षरं पुसलेली. साहेबानं तो खाली, म्हणजे चालूच ठेवलेला. मी वर करून बंद केला. तीस वर्षं वीज खात्यात सुपरवायझर होतो.

२९ एप्रिल, सकाळी ७
बॅटरी उतरत आली. हिटरचा पंखा आपोआप फिरून राह्यला. मालेगावात, भर उन्हाळ्यात, हिटर. पंचफुला म्हणते, काल गाडी आणली तवा तर पंखा बंद होता. बायकोला इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येणार.

१ मे
निदान क्र. १ : पंख्याचा रिले चिकटला, वीज तुटत नाही. काढला, घासला, बसवला. पंखा चालू. निदान बरोबर होतं, रिले नालायक निघाला.

४ मे
मेकॅनिक फुलसिंगला बोलावलं, फक्त पाना धरायला. त्यानं विचारलं, साहेब, हा स्विच खाली करून पाहू काय. मी विचारलं, तुझ्या घरी बटन खाली केलं की दिवा लागतो का विझतो. लागते म्हणे. नंतर म्हणतो, वायरच तोडून टाकू. हा अडाण्याचा इलाज. आधी निदान, मग दुरुस्ती. चहा पाजून परत लावून दिलं. स्विचवर चिकटपट्टी मारली. आता कोणी हात लावून दाखवावा.

७ मे
निदान क्र. ४ : अर्थिंग. फुलसिंगकडे पुन्हा जाणार नाही. (बॅटरी चार्ज करायला गेलो, ते वेगळं.)

९ मे
भागिरथा म्हणाली, बाबा, कार राहू द्या, नवरदेव बैलगाडीनं आला तर काय बिघडते. फक्त त्या दिवशी कोणावर डाफरू नका, मले त्याच घरात राहाचं आहे. मी डाफरत नाही. समजावून सांगतो.

११ मे
सगळ्या काचा उघड्या ठेवायच्या, गरम हवा बाहेर जाईल. प्रश्न सुटला.

१२ मे, रविवार, दुपारी ४
काचांतून मुरमाची धूळ आत आली. पंख्यानं ती सगळी जावयाच्या, म्हणजे जगदेवच्या, पांढऱ्या कपड्यांवर नेमानं वाटली. तो घामानं निथळला. त्याची आई दुर्गाबाई आमच्या दोघांच्या मधे बसली होती. तिनं स्विचला खुंटी समजून पानसुपारीची पिशवी अडकवली. मी डाफरलो. समजावून सांगितलं. तेवढ्यात पिशवीच्या वजनानं पट्टी निघाली, स्विच खाली आला आणि पंखा बंद पडला.
मी लगेच स्विच वर केला. पंखा चालू. बाईनं खाली केला. बंद. मी सर्किट समजावू लागलो. बाई म्हणाली, इवाईबुवा, तुमी रस्ता पाहा, स्विच मी धरतो. मांडवापर्यंत धरून बसली. सगळ्यांनी पाहिलं.

सायंकाळी ७
लग्न चांगलं झालं. कार दारात उभी होती, तरी वरात बसनं गेली. निघताना भागिरथा गळ्यात पडली. वाटलं, बापाच्या कष्टांबद्दल बोलेल. तिनं कानात विचारलं, सासूबाईवर डाफरले नाही ना तुमी. नाही म्हणालो.

१३ मे
फुलसिंग म्हणतो, अमेरिकेत बटनं उलटी असतात. मग चार तारखेला बोलला का नाही. म्हणे, सांगतच होतो, तुमी चहा पाजला.
घरातली सगळी बटनं तपासली. खाली चालू, वर बंद. माझं काही चुकलं नव्हतं.
पंचफुला म्हणाली, भागिरथाच्या खोलीतला पंखा कालपासून चालूच आहे, तेवढा बंद करा. गेलो. खोली रिकामी. बराच वेळ बटनाकडे पाहत उभा राहिलो. मग बटन बंद करायला पंचफुलालाच हाक मारली.