न उठवता उठणारा सर्व्हर

३ सप्टेंबर २००७, कोल्हापूर

धैर्यशील म्हणे, "मावशी, सर्व्हरचं ते तुला जमायचं नाही. दिवाळीत येऊन करून देतो." दिवाळीत! त्याच्या आईचा, म्हणजे आमच्या अक्काचा, हात मोडलाय. चंदगडला एकटी, उजवा हात प्लास्टरमध्ये. तिलाही हेच ऐकवलं — दिवाळीत येतो. पुण्याला नोकरी काय लागली, पोराला वर्षात एकच सण उरला.

आणि मी तरी कशी जाऊ? माझ्या विद्यार्थिनीची, बिद्रीच्या सोनमची, परीक्षा तोंडावर आलीय. तिला दिसत नाही. मी राज्यशास्त्राचे धडे वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करते. ती गावातल्या नेट कॅफेतून माझ्या सर्व्हरवरून, म्हणजे ह्याच कॉम्प्युटरवरच्या फायली देणाऱ्या प्रोग्रॅममधून, ते उतरवून घेते. पण लोडशेडिंग! वीज परत आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो, सर्व्हर नाही. तो दर वेळी पासवर्ड टाकून हाताने चालू करायचा. शाळेतून निवृत्त झाले ती मुलींच्या मागे धावण्यातून सुटायला. आता यंत्राच्या मागे धावते.

४ सप्टेंबर

सर्व्हरच्या प्रोग्रॅमचं नाव — व्हीएसएफटीपीडी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकही स्वर नाही! असलं नाव ठेवणाऱ्याला मी बाकावर उभं केलं असतं.

६ सप्टेंबर

कळलं! ह्या कॉम्प्युटरच्या लिनक्स सिस्टिममध्ये असल्या कामाला 'सर्व्हिस' करून ठेवता येतं. अगदी आमच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगसारखं. पहाटे घंटा झाली की जिची पाळी तिने न सांगता उठायचं, पाणी तापत ठेवायचं. सिस्टर सिसिलिया कुणाला हाक मारत नसत. माझ्या सर्व्हरला पाळीच लावलेली नव्हती, म्हणून कुणी उठवायची वाट बघत लोळत होता. एक ओळ टाइप केली. झालं! ह्या एका ओळीसाठी धैर्यशीलला दिवाळी लागणार होती.

७ सप्टेंबर

नाही झालं.

वीज गेली, आली, कॉम्प्युटर उठला — सर्व्हर ढिम्म. सोनमचा फोन : "बाई, आज पण न्हाय लागलं. आणि कालच्या धड्यात तुमी शिंकलाय. ती शिंक मी तीनदा ऐकली." आगाऊ!

अक्काचाही फोन. "शेजारीण भात करून देती. वेणी तेवढी राहती." ये म्हणाली नाही. ती कधी म्हणतच नाही.

९ सप्टेंबर

सापडलं! हे यंत्र दोन तऱ्हांनी उठतं — नुसता काळा पडदा घेऊन, नाहीतर चित्रं-खिडक्यांसकट. मी पाळी लावली काळ्या पडद्याला, आणि धैर्यशीलने यंत्राला सवय लावलेली चित्रांची! आता दोन्हीकडे पाळी लावली. मग खुर्ची ओढून वीज जायची वाट बघत बसले — जन्मात पहिल्यांदा. गेली. आली. मी हात मांडीवर घट्ट धरून. सोनमला फोन.

"लागलं की बाई!"

दोन लाडू खाल्ले. साखर गेली खड्ड्यात.

११ सप्टेंबर, चंदगड

एसटीने आले. पाऊस कोसळतोय. पोचल्या पोचल्या अक्काची वेणी घातली. "ओढू नको, बेबी. तुझा हात अजून तसलाच!" पुढचे धडे आधीच वाचून सर्व्हरवर ठेवून आलेय. सोनमला चिंता नाही.

१२ सप्टेंबर

सोनम : "बाई, कालपास्नं लागंना."

शक्यच नाही! वीजवाल्यांचा उद्धार करत शेजारच्या शालूबाईंना फोन लावला. गल्लीत वीज आहे का?

"हाय की. तुमच्यातच न्हाय. निघताना तुमीच मेन स्विच पाडलाय न्हवं! म्या बघितलं की. म्हटलं, बाई लई व्यवस्थित."

गॅस बंद, नळ बंद, मेन स्विच बंद — गावाला निघताना सगळा जन्म हेच केलं. हाताने मला विचारलंच नाही!

स्विच बाहेर व्हरांड्यातच, कुलूप काढायला नको. शालूबाईंनी वर केला. "आता काय दाबू?" काही नाही. "पासवर्ड का काय असतंय ते?" काही नको, घरी जा म्हटलं. जरा वेळाने सोनम : "आले बाई! सगळे धडे आले."

अक्का हसून हसून खोकायला लागली. हसायचं काय त्यात?

१८ सप्टेंबर

उलटही होतं! अक्काच्या पडवीत बसून छोट्या रेकॉर्डरवर धडा वाचला. स्टँडजवळच्या नेट कॅफेतून तो कोल्हापूरला माझ्या घरात ठेवला. कुलूपबंद घरात! अर्धी दुपार गेली त्यात, पण गेला. सोनमचं आपलं लगेच — "मागं पाऊस लई वाजतोय बाई. राहू दे, बरं वाटतंय. पण जरा रागावून वाचा, तवा डोक्यात राहतं."

रागावून! मी कधी रागावते?

२२ सप्टेंबर

धैर्यशीलचा फोन. "मावशी, दिवाळीत सर्व्हर बघतो." म्हटलं, तो आपला आपण उठतो. तू आईला बघायला ये.

रात्री वेणी घालताना अक्का, पाठमोरीच : "मग आता परत कशाला जातीस?"

घातलेली वेणी सोडली. पुन्हा पहिल्यापासून घातली.

२३ सप्टेंबर

शालूबाईंना कळवलं — कुंड्या तुमच्याकडे न्या, मेन स्विचला हात लावू नका. कोल्हापूरच्या घरी आता सर्व्हर राहील. मी इथे.