विसाव्या लेव्हलचा जादूगार

बा, तू गेलास तेव्हा पन्नाशीचाही नव्हतास आणि मी आता पंचाहत्तरीला टेकलो. आपण दोघं शेजारी उभे राहिलो तर लोक मलाच तुझा बाप समजतील. सातवीनंतर मी पानभर कधी लिहिलं नाही, म्हणून अक्षर वाकडं येतंय. तुला तर वाचताच येत नव्हतं. तरीही लिहितोय, कारण तीन आठवडे झाले, मला जेवण जात नाही. लेकीला वाटतं पोटाचं काही असेल. पोटाचं काही नाही. मी एक खेळ खेळलो, त्याने ही वेळ आली.

माझी नात, लेकीची मुलगी, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. महाडला तिने पुराच्या धास्तीने तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं आणि तुझी सून गेल्यावर मला पोलादपूरहून तिथे आणलं. रविवारी जेवणं झाली की तिच्याकडे दोघं येतात. एक शाळेत शिकवणारी तिची मैत्रीण आणि दुसरा औषधांच्या दुकानातला. तिघं टेबलाभोवती बसतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. नात गोष्ट सांगते आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. ती म्हणते, समोर नदी आहे, पूल तुटलाय, काय करता? मग ज्याने त्याने आपल्या माणसाच्या वतीने उत्तर द्यायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. त्यांच्यात चौथा एकजण होता, तो नोकरीला कुवेतला गेला. तीन वर्षं खेळून त्याने आपला जादूगार अगदी वरच्या पायरीला नेला होता. ही मुलं त्याला विसावी लेव्हल म्हणतात. त्याच्यावर पायरीच नाही. तो जादूगार नातीने मला दिला. म्हणाली, "आजोबा, तुम्ही दिवसभर गॅस बंद आहे का बघत फिरता, त्यापेक्षा बसा आमच्यात. हा इतका ताकदवान आहे की तुमच्याकडून काही चुकणारच नाही." त्याला काय काय येतं त्याची यादी तिने मला मराठीत लिहून दिली. वेळ थांबवणे. आग लावणे, विझवणे. पडता डोंगर धरून ठेवणे. विष उतरवणे. मेलेल्याला परत बोलावणे, दिवसातून एकदा.

ती यादी मी आठवडाभर खिशात घेऊन हिंडलो. खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं. पण खेळायला बसलो की माझी गाळण उडायची. किल्ल्यात शिरायचं होतं तर मी विचारलं, इथे दोरी कुठे मिळेल? औषधवाला टेबलावर डोकं ठेवून हसला. "अहो आजोबा, तुम्ही उडू शकता! तो किल्ला उचलून खिशात घालू शकता! दोरी कसली मागताय?" शिक्षिका म्हणाली, "असू दे रे. आमचे जादूगार काटकसरी आहेत." मग तेच नाव पडलं, काटकसरी. राक्षस समोर आला तर मी त्याला तुझं काम काय म्हणून विचारलं. त्यालाही सगळे हसले आणि मीही हसलो. मी आपल्या जादूगाराला नेहमी सगळ्यांच्या मागे चालवायचो. वाटायचं, ताकद आहे ती राहू दे, लागेल तेव्हा बघू.

बा, तुझ्याकडे एक लाल फडकं होतं, एवढीच तुझी ताकद. आंबेनळी घाटात रस्ता दुरुस्त करणाऱ्या गँगवर तू होतास आणि मी सुट्टीत तुझी भाकरी घेऊन यायचो. दरड आली आहे, तू वळणावर फडकं घेऊन उभा आहेस, खाली गाड्यांची रांग लागली आहे. एक साहेब जीपमधून उतरून तुझ्या अंगावर ओरडतोय, मला महाबळेश्वरला मीटिंग आहे, कोणाच्या हुकमाने थांबवलंस? तू फडकं खाली घेत नाहीस. म्हणतोस, "सायेब, डोंगर मला इचारून पडत नाय. बसा गाडीत." आणि साहेब बसला. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. मला तुझा अभिमान वाटला असं लिहायला पाहिजे, पण मला भीती वाटली होती, की आता तुझं काम जाणार.

तिसऱ्या रविवारी नातीने डोंगरच आणला. तिला बिचारीला तुझ्या दरडीचं, फडक्याचं काहीच माहीत नाही. ती सांगत होती, वर डोंगर हललाय, माती सुटली आहे, खाली पन्नास घरांची वस्ती आहे. शिक्षिकेची लढवय्यी बाई वस्तीत धावली, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढू लागली. औषधवाल्याचा तिरंदाज पोरं नेऊ लागला. मग नात माझ्याकडे वळली. "आजोबा, सगळं तुमच्यावर आहे. तुम्ही डोंगर धरू शकता. फासासुद्धा टाकायला नको. नुसतं म्हणा." मी यादी बघितली. ओळ होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "तो डोंगर कोणाचा आहे? मालकाला विचारायला पाहिजे."

दोघं हसले. नात हसली नाही. खेळात ती कोणाला सूट देत नाही. "राजाचा आहे. राजा दोन कोसांवर आहे. विचारायला माणूस पाठवता?" औषधवाला म्हणाला, "आजोबा, राजा तुम्हाला घाबरतो!" मी म्हटलं, "तरी पण. नंतर आपल्यावर यायला नको. पाठव माणूस." नातीने जरा वेळ वाट पाहिली, मी शब्द फिरवतो का म्हणून. मग तिने सांगितलं, माणूस अर्ध्या वाटेत होता तेव्हा डोंगर खाली आला. घरं गेली. लढवय्यी बाई आत होती, तीही गेली. शिक्षिकेने तीन वर्षं ती बाई वाढवली होती. ती "अरे वा" म्हणाली, हसायला गेली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नात म्हणाली, "आजोबा, अजून एक ओळ आहे तुमच्याकडे. मेलेल्याला परत बोलावणे. तिला बोलवा." मी ओळीवर बोट ठेवलं. औषधवाला म्हणाला, "नुसतं हो म्हणा ना." मला हो म्हणता आलं नाही. बा, मला ठाऊक आहे तो कागद आहे, पेनाने लिहिलेला. पण दिवसातून एकदाच लिहिलं होतं, आणि मला वाटलं, ही एक वेळ इथे कशी घालवू. मी तुझ्यासाठी ती राखून ठेवली. आणि समोर ती मुलगी डोळे पुसत बसली होती. शेवटी तीच म्हणाली, "राहू दे, आजोबांना त्रास नको. मी नवी बाई करते." मी उठून मोरीत तोंड धुवायला गेलो.

सगळ्यांना मी आयुष्यभर सांगितलं की माझ्या हातात काही नव्हतं. आईला सांगितलं, तुझ्या सुनेला सांगितलं, लेकीलाही. आम्ही गरीब, मी अडाणी, त्या दिवशी जीप चालूच होईना, आणि बा गेला. सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. जीप चालू होती. मी तेव्हा रस्त्याच्या ठेकेदाराचा ड्रायव्हर होतो, किल्ली माझ्या खिशात होती, टाकीत डिझेल होतं. मालक बांधकाम खात्याच्या एका साहेबाच्या गाडीतून वर घाटात गेला होता. नऊच्या सुमाराला तुझ्या गँगचे दोघं तुला खांद्याचा आधार देऊन ठेकेदाराच्या शेडवर घेऊन आले. रस्त्याखालच्या मोरीचे दगड उचलताना साप चावला होता, फुरसं, पायाला. तू पायरीवर बसलास, पाय लांब केलास आणि म्हणालास, "चल रे, गाडी काढ." मी म्हटलं, मालक येऊ दे, इचारतो. तू माझ्याकडे बघितलंस. पुन्हा म्हणाला नाहीस. ज्याने साहेबाला गाडीत बसवलं त्याने मला एक शिवी दिली असती तर मी उठलो असतो. तू पायाकडे बघत बसलास. गँगचे दोघं म्हणाले, अरे, बाप हाय तुझा. मी म्हटलं, नोकरी जाईल. साडेबारापर्यंत आपण तिथे होतो. तोवर तुझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. पोलादपूर, मग महाड, आणि तिसऱ्या दिवशी तू गेलास. डॉक्टर एवढंच म्हणाले की अजून आधी आणायला हवं होतं. ते गँगवाले कधी कोणाला बोलले नाहीत. आता त्यांच्यातलंही कोणी उरलं नाही.

इतकी वर्षं मी म्हणत होतो, देवाने थोडी ताकद दिली असती तर. थोडं शिक्षण, थोडा पैसा, थोडा वशिला. आता त्या पोरीने सगळीच दिली. जगात कोणाकडे नसेल एवढी दिली, तीही फुकट, चहाबरोबर. आणि मी तेच केलं. त्या डोंगराखाली एकही खरा माणूस नव्हता, माझी नोकरी जाणार नव्हती, कोणी ओरडणार नव्हतं, तरी मी तेच केलं. मग ताकदीचा संबंधच नव्हता, बा. मीच असा होतो. हे कळून या वयात मी काय करू? सुधारायला कोण उरलंय? नात रोज विचारते, रविवारी बसाल ना? तुमचा जादूगार अजून जिवंत आहे. मी म्हणतो, डोळे दुखतात.

हे कागद टाकायला पेटी नाही आणि नातीला दाखवायची माझी छाती नाही. तिच्या दृष्टीने तू जीप बिघडल्यामुळे गेलास, आणि उद्याही मी तिला तेच सांगेन. पण एक राहिलं. त्या साडेतीन तासांत मी जीप धुतली. तू पायरीवर होतास आणि मी बादली आणून चाकं घासत होतो, मालक येईल तेव्हा गाडी स्वच्छ दिसावी म्हणून. मालक आला, त्याने तुझा पाय बघितला आणि साहेबासमोर मला म्हणाला, "अरे गाढवा, बाप मरतोय आणि किल्ली घेऊन मला कसलं विचारतोस?" मग मी गाडी काढली. पोलादपूरपर्यंत तू मागच्या बाकावर कण्हत होतास. मला ते नीट ऐकूही आलं नाही. सगळ्या वाटेभर माझ्या डोक्यात एकच होतं, की साहेबासमोर मालकाने मला गाढव म्हटलं.