रेघेखालचा मजकूर

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आईला माझा नमस्कार सांग आणि हे तिच्या उजव्या अंगाला बसून वाच. डाव्या कानाने तिला कमी ऐकू येतं असं तूच मागे म्हणाली होतीस.

मी बरी आहे. खोलीवरची मोरी तुंबली होती. घरमालकिणीने तार घालून ती मोकळी केली आणि वर ऐकवलं, "एवढं शिकलात, पण मोरीत केस सोडू नयेत हे नाही का कुणी शिकवलं?" मी म्हटलं, शिकवलं होतं, माझ्या ताईने, धपाटा घालून. आई हसली का, ते मला कळव. कचेरीत माझं टेबल आता खिडकीजवळ आलंय, त्यामुळे दिवसा दिवा लावावा लागत नाही.

आईच्या हवेच्या गादीचा पंप नीट चालतोय ना? वीज गेली की गादी बसायला वेळ लागत नाही. तेव्हा शेजारच्या भोंगाकाकांना हाक मार, एकटीने आईला कुशीवर वळवायला जाऊ नकोस. तुझी कंबर काही सरकारी नाही. आणि आई, दोन घास जास्त खा. ताई रागावते ती प्रेमानेच.

————

ताई, इथून पुढचं नेहमीसारखं मनात वाच.

आईला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टर म्हणाले तेव्हापासून आपण ही रेघ मारतो. वरचं तू वाचून दाखवतेस, खालचं गिळतेस, आणि मग पत्र आईच्या चांगल्या हातात देतेस. तिला अक्षर येत नाही, ती ते नुसतं धरून पडून राहते. याची मला दर वेळी थोडी लाज वाटते. आज जास्त वाटतेय.

उतारावर लाल चिंध्या बांधलेल्या काठ्या रोवल्यात त्या कसल्या, असं तू फोनवर विचारलंस. "तुमच्या कचेरीला ठाऊक असेल की, साहेबीणबाई," असंही म्हणालीस. मी म्हटलं, बघून सांगते. बघायची गरज नव्हती. त्या काठ्या माझ्याच पत्रावरून रोवल्या आहेत. सौर पॅनेलच्या रांगा किती उंच येणार हे परवानगी देणाऱ्या समितीच्या लोकांना जागेवर उभं राहून कळावं, म्हणून तसं करतात. आईला तू मेंढ्यांचं कुंपण म्हणून सांगितलंस ना? मेंढ्या नाहीत, ताई. रस्त्यापासून थेट आपल्या परसापर्यंत सगळा उतार काचेने झाकणार आहे. मालकाने जमीन कंपनीला भाड्याने द्यायचं ठरवलंय, परवानगीचा अर्ज आमच्याकडे आलाय, आणि फाइल माझ्या टेबलावर आहे.

मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं की वरचं घर माझ्या आईचं आहे, फाइल दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, "जमीन तुमची आहे का? नाही ना? मग कसलं हितसंबंधाचं घेऊन बसलात! विभागात आपण तीन टाळकी. एक रजेवर, एक मी." मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "अहो, इतकं सोवळं नेसून कचेरी चालत नाही."

नोटिशीत नुसतं "प्रकल्प" वाचून तू पाठवलेली हरकत पोहोचली. तुझ्या गोल अक्षरात, शाळा सुटली तेव्हा होतं तसंच आहे ते. "माझी आई अंथरुणाला आहे. ती बोलत नाही. तिला दिवसभर हा एकच उतार दिसतो. तो घेऊ नये ही विनंती." प्रत्येक हरकतीपुढे विभागाचा शेरा लागतो. तुझ्या हरकतीपुढे मी लिहिलं, "खाजगी घराच्या खिडकीतून दिसणारं दृश्य हा विचारात घेण्याचा मुद्दा नाही."

नियम तसाच आहे, आणि तो वाईट आहे असंही मला म्हणता येत नाही. खिडकी कुणाला नसते? प्रत्येकाची धरायची म्हटली तर कुठेच काही उभं राहणार नाही. आणि वीज तर हवीच. आईची गादी विजेवरच फुगते. हे सगळं मला पटतं, ताई. पटूनही शेरा लिहिल्यावर मी संडासात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आता जे लिहिते ते मी लिहिता कामा नये. फाइल ज्याच्या हातात असते त्याने एका बाजूला काही सुचवायचं नसतं.

नियम खिडकीला ओळखत नाही, पण वाटेला ओळखतो. लोक वर्षानुवर्षं बिनदिक्कत ज्या वाटेने चालत आले ती वहिवाटीची ठरली, तर तिच्या दोन्ही अंगांना रुंद पट्टा मोकळा सोडावा लागतो. गाडीच्या थांब्यापासून वर येणारी आपली वाट बरोबर खिडकीखाली निघते. पट्टा सुटला तर आईला निदान तेवढा उतार राहील. गवत राहील, माणसं येता-जाता दिसतील.

आठवतं ना, धुलाईच्या कारखान्यातून आई त्याच वाटेने वर यायची. आपण दोघी खिडकीत चढून बसायचो. जिला आधी दिसेल तिने "आली!" ओरडायचं, हरेल तिने पाणी भरायचं. तू सारखी हरायचीस. तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली होती हे मला फार उशिरा कळलं.

सुनावणीत हे कुणीतरी उठून बोलायला हवं. मी बोलू शकत नाही, तुला आईला सोडून येता येणार नाही. भोंगाकाकांना पाठव. गिरणीचा भोंगा बंद पडला तरी काकांचा चालू आहे, एवढ्यासाठी तरी तो उपयोगी पडू दे. शेजारपाजारच्यांचे जबाब त्यांच्याबरोबर दे. मी सांगितलं असं मात्र कुठे बोलू नकोस.

तुझी,
धाकटी


२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आईला नमस्कार. मी बरी आहे. इकडे ऊन वाढू लागलंय. नव्या चपला घेतल्या, त्या चावतात. बाकी नवीन काही नाही.

————

ताई, वरच्या ओळी लिहायला मला पूर्ण संध्याकाळ लागली.

तू फोन उचलत नाहीस. काकांनी तुला त्यांच्या परीने सांगितलंच असेल. माझ्याकडूनही एकदा ऐक, मग हवं तर बोलू नकोस.

काका सुनावणीला इस्त्रीचा सदरा घालून आले होते. माझ्याकडे त्यांनी ओळखीचं पाहिलंसुद्धा नाही. इतकं चांगलं नाटक त्यांना येत असेल असं वाटलं नव्हतं. सभापतीबाईंनी ध्वनिवर्धक पुढे केला तर म्हणाले, "तो राहू द्या बाई, कुणाला बहिरं करायची इच्छा नाही." सगळे हसले. मग त्यांनी ती वाट सांगितली. कुठे वळते, कुठल्या दगडावर बायका टोपली टेकवायच्या, पावसात कुठे घसरायला होतं. आणि आईचं सांगितलं. "ही बाई कारखान्यातून याच वाटेने वर यायची, हातपाय सोड्याने फुटलेले. आता तिला चालता येत नाही म्हणून वाट तिची नाही असं म्हणाल, तर मग म्हणा."

कंपनीचे वकील उठले. "या वहिवाटीच्या तरतुदीची माहिती आपल्याला कुणी दिली?"

काका म्हणाले, "माहिती कशाला लागते? पाय आमचे, वाट आमची. तुम्ही घरी जाताना कुणाला विचारून जाता?"

पुन्हा हसू झालं. वकील खाली बसले. सभापतीबाईंनी जबाब उलटून पाहिले आणि शेजारच्या सदस्याला काहीतरी दाखवलं. त्याने मान डोलावली. ताई, मी समोरच बसले होते. पट्टा सुटत होता. मला दिसत होतं.

मतदानाआधी एक प्रश्न असतो. प्रत्येक फाइलला असतो. सभापती कागदातून डोकं वर न काढता विचारतात, "विभागाला आणखी काही सांगायचं आहे?" आणि आम्ही म्हणतो, "काही नाही." दारातून जाताना "येतो हं" म्हणावं तसंच ते आहे. त्याला कुणी प्रश्न समजत नाही.

मी समजले.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "तरतूद मी सांगितली. ती माझी आई आहे."

कुणी मला हटकलं नव्हतं, कुणाला संशय नव्हता. काका मागून कळवळून म्हणाले, "अगं पोरी, बस ना खाली!" त्या "पोरी"ने उरलंसुरलंही उघडं पडलं. मग वकिलांना बोलायला किती वेळ लागणार? सगळे जबाब पढवलेले, म्हणून बाजूला ठेवावेत. सभापतीबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आता मला दुसरं काही करता येत नाही." जबाब बाजूला ठेवले. हात वर झाले. प्रकल्प मंजूर, पूर्ण उतारासकट. आदेश निघाला की कामाला हात.

बाहेर काका सरळ थांब्याकडे निघून गेले. साहेब थांबले. "खरं बोलायला कोण नको म्हणतंय? पण त्यालाही वेळ असते की नाही?" चौकशी होईपर्यंत मला घरी बसायला सांगितलंय.

तू म्हणशील, आईची खिडकी गहाण टाकून मी स्वतःचं मन धुऊन घेतलं. तसंच आहे का, हे मी रोज स्वतःला विचारते. मला एवढंच आठवतं की "काही नाही" हे दोन शब्द तोंडात आले होते. त्यांची चव या रेघेसारखी होती. वर एक, खाली एक. ते बाहेर पडेनात.

पण खोटं पडलं असतं माझ्यावर, आणि खरं पडलं आईवर. हा हिशेब मला कुठूनही नीट लागत नाही, ताई. तू शाळा सोडलीस म्हणून मी शिकले. शिकून मी हे केलं. मला शिव्या दे, पण काहीतरी बोल.

धाकटी


१२ मार्च

ताई,

या पत्रात रेघ नाही. हे पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाच. माझं एवढं ऐक. यानंतर काही ऐकू नकोस.

काल काकांचा फोन आला. आधी नुसतेच खाकरले. मग म्हणाले की उतारावर खांब ठोकायला सुरुवात झालीय, खालच्या बाजूने वर येतायत. म्हणाले की तू खिडकीला पडदा लावलास, आणि आई आता दिवसभर पडद्याकडे बघते. ठोकल्याचा आवाज आला की तिचे डोळे तिकडे जातात, मग तुझ्याकडे येतात. तू म्हणतेस, "काही नाही गं आई."

आणि म्हणाले, "तुझं मागचं पत्र तिच्या हातात दिलं, तर तिने ते धरलं नाही. पांघरुणावरून खाली सोडून दिलं."

तेव्हा हे तिला सांगायलाच हवं. तू वाचतेयस ना? थांबू नकोस.

आई, मी धाकटी. तुझ्या खिडकीसमोरचा उतार जातोय. ते मेंढ्यांचं कुंपण नाही. तिथे उन्हापासून वीज करायच्या काचा बसणार आहेत, रांगेने, खालपासून आपल्या परसापर्यंत. गवत दिसणार नाही. वाट दिसणार नाही. ताईने ते थांबवायला अर्ज केला, काका भांडले, आणि जवळजवळ थांबलंही होतं. मी सभेत उभी राहिले आणि बोलले, म्हणून ते फिसकटलं. मी खोटं बोलले नाही, आई. पण ज्या दिवशी गप्प बसले असते तर चाललं असतं त्या दिवशी मी गप्प बसले नाही. याचं काय करायचं हे मला कळत नाही. तुला कळत असेल तर मला रागावायला तरी ये, असं म्हणावंसं वाटतं, आणि तू येऊ शकत नाहीस.

आम्ही तुला खूप दिवस अर्धीच पत्रं वाचून दाखवली. तुला धक्का बसू नये म्हणून. तुझ्या हातात आम्ही जे ठेवत होतो त्यात खाली दुसरंच काही होतं. तुला ते कळलं होतं का? कळलं असेल. ताईचं तोंड तू माझ्याआधीपासून वाचतेस.

पलंग हलवता येतो. दुसऱ्या भिंतीला दार आहे, दारातून गल्ली दिसते, येणारं-जाणारं माणूस दिसतं. की इथेच राहायचं, काचा तर काचा? पडदा लावायचा की उघडा ठेवायचा? हे आता आम्ही दोघींनी ठरवायचं नाही. ताई तुला एकेक विचारेल, तू डोळे मिटून हो म्हण. उगाच आमच्या मनासाठी म्हणू नकोस.

ताई, तू तिचे डोळे पुसत असशील, किंवा तुझे. पुस, आणि एवढं वाचून टाक.

मी शनिवारी दुपारच्या गाडीने येतेय. वरच्या रस्त्याने येणार नाही. खालच्या थांब्यावर उतरेन. काका म्हणाले, तारेचं कुंपण अजून वाटेपर्यंत पोहोचलेलं नाही, चार-सहा दिवस तरी जाता येईल. मी त्या वाटेने वर येईन, खांबांमधून, आई कारखान्यातून यायची तशी. नोकरी राहते की जाते मला ठाऊक नाही. तू दार उघडशील की नाही तेही ठाऊक नाही. नाही उघडलंस तर मी परसात बसेन. तिथून मला कोण उठवणार?

पण ताई, त्या वेळेपुरता तरी पडदा बाजूला कर. तिने हो म्हटलं तर. आणि पलंगाच्या कडेला तिच्या शेजारी बस, आपण बसायचो तशी. मी वळणावर जरा थांबेन, म्हणजे नीट दिसेन.

या वेळी हरू नकोस. आधी तुलाच दिसू दे.

खालून वर येणारी,
तुमची धाकटी