घराएवढा कोळी

प्रिय आईस,
तुझ्या भटक्याचा वाकून नमस्कार. मी धडधाकट आहे. तुझी कंबर काय म्हणते?

इथे आम्ही जाळं विणणारा कोळी उभा करतोय, घराएवढा, लोखंडाचा. वेल्डिंग माझ्याकडे. हे शिल्प घडवणाऱ्या बाई म्हाताऱ्या, पण नजर काय! म्हणतात, जुन्या गोष्टीत अशाच कोळ्याने फाटलेलं आभाळ विणून सांधलं.

पहिल्या पायाचा गुडघा मी खाली ठेवला. बाई हसल्या, "अरे, कोळी आहे की म्हैस?" एक तार घेतली, दोनदा वाकवली, गुडघा पाठीच्याही वर! मी पाय तसाच पुन्हा जोडला, आता तो बघून अंगावर काटा येतो. वर चढताना दोर बांधतो, काळजी नको.

सात पाय बाकी आहेत. पहिल्यांदाच कुठे पळावंसं वाटत नाही. बाबांना सांग, दुकानावर दुसरा माणूस बघा. चिडले तर कळवू नकोस, निवळले की कळव.

तुझाच,
धाकटा