आबासाहेबांची कूस

२० डिसेंबर १९९३
डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, अंथरुणाला खिळलेल्यांची दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर जखमा होतील. पाथरीच्या या वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक मी असताना बेडसोअर? शक्य नाही. उद्यापासून मोहीम. बाजारातून शिट्टी आणली.

२१ डिसेंबर
शिट्टी वाजवली. सगळे दचकले, वळलं कुणी नाही. आबासाहेबांचे पाय गेलेत, हात शाबूत आहेत. आयाबाई चांगुणाबाई त्यांना वळवायला गेल्या तर म्हणाले, मी काय तव्यावरची भाकर हाय का उलथायला? खाटेची कड धरून आपले आपण वळतात म्हणे. पाठ तपासली. स्वच्छ. मोहीम यशस्वी.

२४ डिसेंबर
खरा त्रास वेगळाच. आबासाहेब आणि शेजारच्या खाटेवरचे सूर्यभान मास्तर एकाच गावचे. एक जमीनदार, दुसरे बौद्ध, रिटायर्ड शिक्षक. मास्तर पेपर मोठ्यानं वाचतात. विद्यापीठाच्या नामांतराची बातमी आली की आबासाहेब त्यांच्याकडे वळून तोंड सोडतात. मग मास्तर म्हणतात, अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत माझं घर जळायलं तवा तुमी कवाड लावून घेतलं. हे ऐकलं की आबासाहेब भिंतीकडे तोंड करतात. जरा वेळानं पुन्हा वळतात. दिवसभर हेच. मला अ‍ॅसिडिटी झाली आहे.

२७ डिसेंबर
गावात पोलिसांची जीप फिरतेय. नामांतराचा निर्णय कधीही होईल म्हणतात. त्यात आमचे अध्यक्ष दिनकरराव संक्रांतीला भेट देणार. तंटा दिसता कामा नये. मास्तरांना कोठीशेजारच्या खोलीत हलवलं. तिथे हवा चांगली आहे. जातीचा संबंध नाही, आमच्याकडे भेदभाव नाहीच. आबासाहेबांनाही हलवता आलं असतं, पण त्यांचा आवाज मोठा आहे. मास्तर एवढंच म्हणाले, तवा गावानं हलवलं, आता तुमी. याचा त्याच्याशी काय संबंध?

३१ डिसेंबर
हॉलमध्ये काय शांतता. आबासाहेब भिंतीकडे तोंड करून निवांत पडून असतात. हलत नाहीत, बोलत नाहीत. नववर्षाची सुरुवात उत्तम.

३ जानेवारी १९९४
चांगुणाबाईंनी आबासाहेबांच्या डाव्या खुब्यावर लाल चट्टा दाखवला. बोटानं दाबला तरी फिका होत नाही. ढेकूण असावेत. गादीला ऊन दाखवायला सांगितलं.

८ जानेवारी
चट्ट्याची कातडी सुटली. ढेकूण नव्हते. डॉक्टर भडकले. हा माणूस वळलेलाच नाही, आधी कसा वळायचा, म्हणून विचारलं. मी शिट्टीबद्दल सांगू लागलो. कोपऱ्यातल्या खाटेवरून सटवाजी म्हणाला, मास्तरासंगं भांडायला वळायचे की.

९ जानेवारी
भांडायला मलाही येतं. पेपर घेऊन मास्तरांच्या जागी बसलो. नामांतर झालंच पाहिजे, म्हणालो. आबासाहेब वळले नाहीत. मग होताच कामा नये, म्हणालो. भिंतीकडे बघतच ते म्हणाले, साहेब, तुमाला कशाचंच काई न्हाई. तुमच्यासाठी कोन वळावं? अंगात ताप आहे. जखम खोल गेली तर माणूस हातचा जाईल, असं डॉक्टर म्हणाले. मला भीती वाटतेय.

१० जानेवारी
मास्तरांना परत या म्हणालो. ते म्हणाले, मी आता हलणार न्हाई, त्यास्नीच इकडं आना. आबासाहेब आरडाओरडा करतील म्हणून त्यांना चाचरत सांगितलं. ते म्हणाले, उचला खाट. एक बाजू मीच धरली. माझी कंबरही धरली.

१४ जानेवारी
ताप उतरला. जखमेमुळे डाव्या कुशीला मनाई. पाठ नाहीतर उजवी कूस. म्हणजे भिंतीकडे तोंड करता येत नाही, आणि मास्तर रोज कवाडाची तीच गोष्ट काढतात.

संध्याकाळी रेडिओवर बातमी, विद्यापीठाचा नामविस्तार. मला धडकी भरली. आता भांडणार कशावर? पण मास्तर म्हणाले, मागितलं नामांतर, दिला विस्तार. आबासाहेब म्हणाले, येवढं तरी कशाला दिलं. मास्तर म्हणाले, तुमी कवाड लावलं व्हतं. आबासाहेब त्यांच्याकडे बघत म्हणाले, लावलं व्हतं. कडी पन घातली व्हती.

मास्तरांनी उठून आबासाहेबांच्या पाठीमागची उशी सारखी केली.

हे सगळं मला चांगुणाबाईंनी सांगितलं. चालतेफिरते सगळे त्या खोलीच्या दाराशी होते. दिनकरराव आले तेव्हा हॉलमध्ये तिळगुळाचं ताट घेऊन मी एकटाच उभा होतो. त्यांनी विचारलं, गळ्यात शिट्टी कशासाठी?